शिकंज्यातलं नाणं

बँकेत एवढ्या खिडक्या असताना माझे वडील नेमके माझ्याच खिडकीसमोर रांग लावायचे. मी कॅशियर. काचेच्या आत मी, काचेबाहेर लोक, आणि त्या लोकांत करडी टोपी कपाळापर्यंत ओढून बाबा. मी मान वर केली की ते हसायचे. मी नाही हसायचे. नंबर आला की दोन रोल काचेखालून आत सरकवायचे आणि मोठ्यांदा म्हणायचे, "मॅडम, हे परत घ्या, दुसरे द्या."

मॅडम! सकाळी याच माणसाने "अगं कार्टे, चहा गार झाला" म्हणून घर डोक्यावर घेतलेलं असायचं.

रोल म्हणजे सुट्या नाण्यांची कागदात घट्ट गुंडाळलेली नळी. दुकानदार नेतात, गल्ल्यावर आपटून फोडतात, विषय संपला. बाबा तो घरी नेऊन फोडायचे, एकेक नाणं भिंगाखाली धरायचे, बघून झालं की पुन्हा कागदात भरायचे आणि मला आणून द्यायचे. कागदाची टोकं त्यांना कधी नीट दुमडता आली नाहीत, नुसती पिळून ठेवायचे. काय शोधायचे म्हणाल, तर चुका. टांकसाळीत छापताना चुकलेली नाणी. कुठे अंक पुसट, कुठे चित्र सरकलेलं. लोक खरं नाणं वाजवून घेतात, आमचे बाबा चुकलेलं शोधून घेत.

शिपाई दारातूनच वर्दी द्यायचा, "चिल्लरकाका आले हो!" शेजारच्या खिडकीवरची बाई पेन कानाला लावून म्हणायची, "तुझ्या बाबांना माझा पगारही दे गं बघायला. मला वाटतं, तो छापतानाच चुकलाय." सगळे हसायचे. मीही दात विचकायचे. आत मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मला बाबांची लाज वाटायची. वाटायची म्हणजे वाटायची, उगाच गोड बोलून काय करू?

आता हा माणूस आधीपासून असा होता का? मुळीच नाही. बाबा प्रेसवाले. गणवेशाची पितळी बटणं करणाऱ्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. वर एक ठसा, खाली एक ठसा, मधे पितळेची चकती. दांडा खाली आला, धाड, की बटण तयार. बाबा म्हणायचे, बटण बघायला लागत नाही, ऐकायला लागतं. नीट बसलेला ठसा स्वच्छ बोलतो, चुकलेला बोबडा. बोबडा आवाज आला की ते मागे न बघता हात घालून ते एक बटण उचलायचे आणि भंगाराच्या डब्यात टाकायचे. सगळा कारखाना यांच्या कानावर चाले. धातूच्या बाबतीत माणूस एक शब्द खोटं बोलायचा नाही. खोटं बोलायचे ते फक्त आईच्या चहाबद्दल. आईचा चहा कायम अगोड. ती विचारायची, "साखर बरी आहे ना?" हे म्हणायचे, "झकास!" ती वळली की माझ्याकडे बघून तोंड वाकडं करायचे.

मग ती अग्निशमन दलाची ऑर्डर आली. बटणावर शिडी आणि तिच्या टोकाला ज्योत. नेमकी त्या आठवड्यात बाबांना सर्दी झाली आणि कानांना दडे बसले. रजा घ्यायची नाही, सांगायचं नाही, हा त्यांचा जुना खाक्या. वरच्या ठशाची खीळ ढिली झाली, ठसा फिरत गेला, बटणं बोबडं बोलत राहिली आणि ऐकणारा बहिरा. पुढे दलाचं संचलन झालं. जवान ताठ उभे, आणि प्रत्येकाच्या छातीवर शिडी आडवी झोपलेली! सगळं गाव हसलं. मालकाने बाबांना फाटकात बोलावलं, परत आलेली बटणं सगळ्या कामगारांसमोर त्यांच्या पायांवर ओतली आणि म्हणाला, "गोळा करा आणि घरी जा." बाबांनी वाकून ती गोळा केली, डब्यात भरली आणि घरी आणली. आईने तो डबा कपाटावर पार मागे सारला. पण लोकांची तोंडं कुठे सारणार? गल्लीत कुणी भेटलं की विचारायचं, "काय हो, शिडी उठली का?"

त्यानंतर बाबा घराबाहेर पडेनात. आई तर त्यांच्याहून जास्त खचली. पूर्वी ती "आमच्या ह्यांना विचारल्याशिवाय प्रेस हलत नाही" असं चार बायकांत ठणकावून सांगायची. आता दुकानात जायची तीसुद्धा गिऱ्हाईक नसेल अशी वेळ बघून, मान खाली घालून.

एक दिवस आईने बाबांना बळेच पाव आणायला पिटाळलं. आले ते धापा टाकत, पाव विसरून. मुठीत सुटं नाणं. "अगं बघ, बघ! छापा सरळ धर. आता पालथं कर. काटा कसा आलाय? तिरका! यांचासुद्धा ठसा फिरला! टांकसाळीची खीळ ढिली होते गं, टांकसाळीची!" आणि हसायला लागले. बटणं घरी आल्यापासून पहिल्यांदा हसले.

आई म्हणाली, "मग? तिथल्या माणसाला कुणी घरी पाठवलं का?"

पण बाबांना ते ऐकूच गेलं नाही. त्या दिवसापासून हे खूळ लागलं. जेवताना तेच, चहाला तेच. ठशात वंगण साचलं की अंक उमटत नाही. ठशाला तडा गेला की नाण्यावर रेघ उठते. "उठलेलं ते टांकसाळीचं, खणलेलं ते लोकांचं," हे तर आम्हाला पाढ्यासारखं पाठ झालं. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे आरसा. एखादं छापलेलं नाणं ठशालाच चिकटून बसतं आणि पुढची चकती त्याच्यावर दाबली जाते. मग तिच्या एका बाजूला नेहमीसारखा उठलेला छापा, आणि दुसऱ्या बाजूला काटा नाहीच! तिथेही छापाच, पण खोल गेलेला नि उलटा. जन्मात एकदा आरसा सापडावा, एवढीच त्यांची इच्छा. लबाड लोक तो घरीही करतात, हेही त्यांनीच सांगितलं. दोन नाणी एकावर एक ठेवायची आणि शिकंज्यात आवळायची. शिकंजा म्हणजे लोखंड घट्ट धरायला कारागिराच्या बाकाला लावलेला असतो तो. "पण फसतं ते," बाबा म्हणायचे. "आधीच्या काट्याची सावली खाली राहते. शिवाय पलीकडचा छापा चेपतो. आंधळ्यालाही कळेल."

वाचनालयाच्या माडीवर नाणी जमवणाऱ्यांचं मंडळ भरायचं. दातांचे एक डॉक्टर अध्यक्ष. बाबा आधी मागच्या बाकावर बसायचे. एकदा एका नाणी विकणाऱ्या व्यापाऱ्याने मोठ्या ऐटीत आरसा आणला. नाणं हातोहात फिरत मागे आलं. बाबांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "शिकंज्यातलं आहे." व्यापारी उखडला, पण डॉक्टरांनी भिंग लावलं, आणि खाली काट्याची सावली! तेव्हापासून मंडळात काहीही आलं की म्हणायचे, आधी त्यांना दाखवा. डॉक्टर एकदा पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुमचा शब्द म्हणजे खणखणीत नाणं." बाबा ते वाक्य घरी घेऊन आले आणि आठवडाभर कुठल्या ना कुठल्या निमित्ताने आम्हाला ऐकवत राहिले. फाटकात गेलेलं नाव त्या माडीवर परत मिळालं होतं. जगात त्यांच्यापाशी तेवढंच उरलं होतं, आणि आम्हा दोघींना ते पक्कं ठाऊक होतं.

पण माडीवरचं कौतुक गल्लीत कोण विचारतो? मावशीकडे जेवायला गेलो होतो. मावशी आईची धाकटी बहीण, पण तोरा थोरलीचा. भरल्या पंगतीत म्हणाली, "ताई, भावोजींना दुसरा उद्योग नाही का गं? स्वतःची चूक वेळेवर सापडली नाही, आता लोकांच्या शोधत बसलेत." खसखस पिकली. बाबाही हसले, काय करतील? आई अर्ध्या ताटावरून उठली. मावशीला चार शब्द सुनवायला हवे होते, पण माझ्याच बँकेत तेच हसू रोज चालतं, मी कुठल्या तोंडाने बोलणार?

त्यानंतरच्या एका सुटीच्या दुपारची गोष्ट. बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर फडकं अंथरून बसलेले. एरवी आई त्या वेळी तिथे फिरकत नसे, त्या दिवशी भाजी निवडायला तिथेच बसली. बाबांनी एक रोल उचलला तर म्हणाली, "तो राहू द्या, हा आधी फोडा की."

बाबांनी दुसरा रोल घेतला. टोकाच्या दुमडीवरून अंगठा फिरवला. आईकडे बघितलं. मग रोल फोडला. नाणी फडक्यावर पसरली, एक उचललं आणि भिंगाखाली धरलं. धरूनच बसले.

"सापडलं?" आईने विचारलं. बाबा अजून काही बोललेच नव्हते.

बाबांनी भिंग खाली ठेवलं. "सापडलं."

"काय? काय सापडलं?" मी ओरडले.

"आरसा."

मी उडीच मारली. आईच्या मांडीवरची भाजी जमिनीवर. बाबा मात्र जागचे हलले नाहीत. तिरक्या काट्यासाठी पाव विसरून धावत आलेला माणूस, याने आता घर दणाणून सोडायला हवं होतं. मला वाटलं, बिचाऱ्याला सुख पचवायची सवय राहिली नाही.

आई मग काय विचारता! मावशीला ती स्वतः जाऊन सांगून आली. शेजारणींना बोलावून दाखवलं. किती दिवसांनी ती मान वर करून, ऐन गर्दीच्या वेळी दुकानात गेली आणि कुणी न विचारता म्हणाली, "आमच्या ह्यांना आरसा सापडला." दुकानदाराला वाटलं, हरवला होता. खोटं कशाला बोलू, मीही बँकेत मिरवलं. शिपायाला म्हटलं, "आता काय म्हणशील चिल्लरकाकांना?" तोसुद्धा वरमला.

एकटे बाबाच थंड. "मंडळात कशाला न्यायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. घरात आहे ते बरं आहे." एका बैठकीला पोट दुखतंय म्हणाले. दुसऱ्या बैठकीच्या दिवशी छत्रीच सापडेना. ऊन पडलं होतं! मग मी तोंड सोडलं. "बाबा, जन्मभर ज्याची वाट पाहिली ते हातात आलं आणि आता शेपूट घालता? आईने मावशीला बोलावलंय. तिच्यासमोर परत आईचं नाक कापायचंय का?"

बाबांनी खुंटीवरची टोपी काढली. "नाही," म्हणाले. "तसं नको व्हायला."

माडी त्या दिवशी भरली होती. आई आणि मावशी पुढच्या खुर्च्यांवर. आईने ठेवणीतले कपडे घातले होते आणि ती सारखी मावशीकडे बघत होती, मावशी बघतेय ना ते बघायला. डॉक्टरांनी नाणं घेतलं, भिंग लावलं. हसरा चेहरा होता, तो हळूहळू उतरला. त्यांनी नाणं पालथं केलं, पुन्हा सुलटं केलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "अहो, तुम्हीच आम्हाला शिकवलंत. खाली काट्याची सावली आहे. हे शिकंज्यातलं आहे."

डॉक्टरांनी भिंग मिटलं.

"कुठून घेतलंत?"

"बँकेच्या रोलमधून," बाबांच्या आधी मीच बोलले.

तो व्यापारी टपूनच बसला होता. "रोल घरीच फोडतात ना? आणि हयात गेली प्रेसवर! चोराच्या हाती किल्ल्या. मला लबाड ठरवलं होतं यांनी याच माडीवर."

मी ताडकन उठले. "तोंड सांभाळून बोला! रोल मी दिलाय माझ्या खिडकीतून, यांना काय विचारता—"

तेवढ्यात माझं लक्ष आईकडे गेलं. ती पांढरीफटक पडली होती. खुर्चीचा हात धरून ती उठू लागली होती, ओठ हलत होते. आणि बाबा एकदम मोठ्यांदा म्हणाले, "मीच केलं."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"मीच दाबलं शिकंज्यात. हिचा काही संबंध नाही, बँकेचा नाही. मी केलं."

डॉक्टर म्हणाले, "का पण? तुम्ही?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. बाबांनी टोपी घातली, नाणं उचलून खिशात टाकलं आणि जिना उतरायला लागले. व्यापारी मागून हसत म्हणाला, "खणखणीत नाणं!" आणि बाकीच्यांनाही हसू आवरलं नाही.

मावशी कोपऱ्यावरूनच सटकली, म्हणे घरी काम आहे. आम्ही तिघं एकामागून एक घरी आलो. माझं डोकं फुटायच्या बेतात होतं. दार लागल्याबरोबर मी सुटले. "लाज नाही वाटली तुम्हाला? खिडकीवर लोक हसतात ते कमी होतं म्हणून हे? वेडे म्हणत होते तोवर ठीक होतं हो, आता लबाड म्हणतील! चिल्लरकाकांची मुलगी होते, आता खोट्या नाण्याची झाले!"

बाबा खाली बसून बुटाची नाडी सोडत होते. गाठ सुटत नव्हती.

"त्यांच्यावर ओरडू नकोस," आई म्हणाली. "ते मी केलं."

मला कळेचना. "काय केलंस?"

"किल्लीवाल्याकडून दाबून घेतलं. कोपऱ्यावरच्या. त्याच्याकडे शिकंजा आहे. कसं करतात ते ह्यांनीच तर जेवताना सांगितलं होतं. रोलचं एक टोक उघडलं, त्यातलं एक काढलं नि हे घातलं." ती भिंतीशी बोलत होती. "मला वाटलं, एकदा सापडू दे. एकदाचा आरसा सापडला की हे खूळ संपेल आणि लोकांची तोंडंही बंद होतील. तुझ्या मावशीचं तोंड बंद होईल. त्यांना खरंच वाटेल असं धरून चालले होते मी. मला काय ठाऊक सावली एवढी दिसते!"

मी बाबांकडे वळले. "आणि तुम्हाला हे—"

"रोल फोडायच्या आधीच," बाबा म्हणाले. गाठ सुटली होती. "टोकाला पुडीची घडी होती."

आता आईची घडी सांगायला हवी. लग्नाआधी ती औषधांच्या दुकानात चूर्णाच्या पुड्या बांधायची. तिच्या हातचा कागद दोनदा आत वळतो आणि शेवटचं टोक खिशात जातं, चूर्णाचा कण सांडत नाही. आमच्या घरात मिठापासून माझ्या डब्यातल्या पोळीपर्यंत सगळं त्याच घडीत. बँकेचं यंत्र टोक नुसतं चेपतं, बाबा पिळतात. रोज तीच घडी उघडून मी दुपारी जेवते, रोज शेकडो रोल हाताळते, आणि टेबलावरचा तो रोल माझ्या नाकासमोर असून मला दिसला नाही. बाबांना अंगठ्याने दिसला.

"मग तिथल्या तिथे बोलला का नाहीत?" आईने विचारलं.

"तू विचारलंस, सापडलं का. कशी विचारत होतीस, तुला नाही ठाऊक. नाही कसं म्हणू?"

"आणि आज? एवढ्या लोकांत?"

"तू उठत होतीस. मला दिसलं. तुझ्या बहिणीसमोर तू उभी राहून सांगणार, ते ऐकत मी बसून राहू?" बाबांनी बूट जोडीने भिंतीशी लावले. "बटणांची चूक माझी, ती तू भोगलीस. ही तुझी होती. फिट्टंफाट."

"फिट्टंफाट कशी?" आई रडायला लागली. "तेव्हा तुमची नोकरी गेली, आता तुमचं नाव गेलं. दोन्ही वेळा तुमचंच गेलं की!"

डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगते म्हणाली. चपलाही घातल्या. बाबा आईवर कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. "नाही जायचं! लोक म्हणतील, अंगाशी आलं तेव्हा बायकोला पुढे केलं. आता तू खरं सांगितलंस तरी ते खोटंच." आई चपला घालूनच खाली बसली. मी उभी होते तशीच. खोट्या नाण्याची झाले म्हणाले होते ना मी? तो शब्द परत घ्यायचा होता. अजून घेतलेला नाही.

बाबा माझ्या खिडकीवर यायचे बंद झाले. शिपाई आता वर्दी देत नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, ऐकलं ते खरं का?" मी त्याला म्हटलं, "पुढच्याला पाठव." खरं काय ते मला सांगता येत नाही आणि खोटं बाबांनीच सांगून टाकलंय. रांगेत कुणाची करडी टोपी दिसली की आता मीच हसायला मान वर करते. असतो कुणी तरी भलताच.

मग एक दिवस रांगेत आई. ती जिंदगीत बँकेची पायरी चढली नव्हती. शेजारची बाई, शिपाई, सगळे बघत होते आणि ती त्यांच्यातून वाट काढत माझ्यासमोर आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, एक रोल." मी दिला. नंतर येतच राहिली. घरी टेबलावर फडकं अंथरायची, रोल ठेवायची आणि बाबांना हाक मारायची. ते येत नसत. मग स्वतःच बसायची, भिंग धरून. सुरुवातीला तर उलटंच धरायची.

परवा तिने हाक मारली ती वेगळ्या आवाजात. "अहो, जरा हे बघता का?"

बाबा भांडी पुसत होते, हात पुसत आले. तिच्या तळहातावर एक नाणं. चित्र एका कडेला सरकलेलं, दुसऱ्या कडेला नखाएवढी कोरी कोर. बाबांनी ते उचललं. कडेवरून अंगठा फिरवला. मग टेबलावर टाकून कान दिला. नाणं फिरत फिरत आडवं झालं.

"खरं आहे," बाबा म्हणाले. श्वास लागल्यासारखं बोलले. "टांकसाळीतलंच आहे. चकती सरकली छापताना. अगं, असं कुणाला मिळत नाही!"

"खरं सांगताय?"

"खरं."

"मला बरं वाटावं म्हणून नाही ना म्हणत?"

बाबांनी नाणं तिच्यापुढे सरकवलं. काय बोलणार? धातूच्या बाबतीत ते एकदाच खोटं बोलले होते, तेही हिच्याचसाठी. आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आई, रोल मीच दिला होता, यंत्राची चेपलेली टोकं तशीच होती." ती नाण्याकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसला नव्हता. तिला बसवायचा होता, पण बसत नव्हता, आणि बाबा ते बघत होते. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"डॉक्टरांना दाखवा ना," ती शेवटी म्हणाली.

"मी दाखवलं तर ते शिकंज्यातलंच ठरणार." बाबांनी नाणं माझ्या हातात दिलं. "उद्या बँकेत ने. यंत्रात टाक, नवीन रोल होऊ दे. दुसऱ्या कुणाला तरी सापडेल. त्याचं खरं मानतील."

मी नेलं. यंत्रात टाकलं, रोल बाहेर आला, दोन्ही टोकं चेपलेली. दुपारी एका बाईने सुटे मागितले, तिला तो दिला. तिने बघितलंही नाही, पिशवीत टाकला आणि गेली. शेजारची बाई म्हणाली, "काय गं, डोळ्यात काही गेलं का?" मी हो म्हटलं.

संध्याकाळी घरी आले तर दोघं टेबलापाशी. आईने चहा ओतला होता.

"दिलास?" बाबांनी विचारलं.

"दिला. एका बाईला."

"तिने बघितलं?"

"नाही."

"बघेल कधीतरी," बाबा म्हणाले आणि कप उचलला.

आईने विचारलं, "साखर बरी आहे ना?"

"झकास."

"खरं सांगा हो."

बाबांनी कप खाली ठेवला. आईकडे बघितलं, माझ्याकडे नाही. मग म्हणाले, "कमी आहे. पहिल्यापासून कमीच असते."

आई उठली आणि साखरेचा डबा शोधायला लागली. डबा समोरच होता.